घरची म्हणून न तपासलेली

दोष म्हाताऱ्याचा आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत किड्यांवर, हवेवर आणि नशिबावर संशय घेत बसाल. किड्यांनी आपलं पोट भरलं, एवढंच. म्हाताऱ्याला मात्र सगळं कळत होतं.

मी काजळी बोलतेय. जातीने डेलिया. माझं फूल इतकं गडद तांबडं असतं म्हणे, की सावलीत काळं दिसतं. मी ते पाहिलेलं नाही. मी आत्ता काचेच्या बाटलीत आहे, बाटली शेल्फवर आहे, आणि शेल्फच्या पुढच्या रांगेत दुसऱ्या कुणाच्या तरी बाटल्या लावून मला झाकून ठेवलं आहे.

म्हातारा म्हणजे या प्रयोगशाळेचा मालक. इथे झाडं मातीत वाढत नाहीत. झाडाचा शेंडा कापतात, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर बाटलीत ठेवतात, त्याला फुटवे आले की तेही कापून वेगवेगळ्या बाटल्यांत बसवतात. असं कापत राहिलं की एका झाडाची हजार झाडं होतात. त्या जेलीवर आमच्याआधी बुरशीने ताव मारू नये म्हणून इथली माणसं डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि हाताला स्पिरिट लावून वावरतात. नोकर मालकाला सर म्हणतात. मी म्हातारा म्हणते. मान द्यायला मी त्याची नोकर नाही.

माझी आई त्याच्या घरामागच्या अंगणात वाढली. तिला वाढवलं त्याच्या बायकोने. बियांपासून उगवलेल्या डेलियाचा काही नेम नसतो, पिवळ्याच्या पोटी पांढरा येतो. ही बाई दर वर्षी बिया पेरायची, उगवलेलं पाहायची, नाक मुरडायची आणि उपटून टाकायची. एका वर्षी हे काळपट फूल आलं आणि तिने उपटणं बंद केलं. 'काजळी' हे नाव तिचंच. जगात दुसरीकडे कुठेही ते झाड नव्हतं.

मग ती आजारी पडली. तिच्या खाटेवरून खिडकीबाहेर माझी आई दिसायची. त्या मोसमात आईची पानं शिरांच्या कडेकडेने पिवळी पडत होती, शेंडे आखडत होते. मी तेव्हा तिच्या कंदावर झोपलेला डोळा होते, अजून फुटायची होते, पण तो ताप मला आतून जाणवत होता.

"अहो, झाडाला काय झालंय बघा ना," बायको म्हणाली.

"काही नाही. खत कमी पडलंय," म्हातारा म्हणाला.

बायकोलाही तो 'अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही' एवढंच सांगत होता. वडीलधाऱ्या माणसांची ही एक जुनी खोड. समोरच्याला धीर देतोय असं वाटून ते स्वतःचीच समजूत काढतात, आणि मग त्या समजुतीवर घर बांधून राहायला जातात. झाडाला विषाणू लागलाय हे त्याला पहिल्या पानावरच दिसलं होतं. त्याचा धंदाच तो होता.

बायको गेली. म्हाताऱ्याने कंद उकरला, धुतला आणि प्रयोगशाळेत आणला. उबेला ठेवल्यावर डोळे फुटले. त्यातला एक डोळा मी.

आता जे सांगते ते नीट ऐका, सगळा घोळ इथेच आहे. विषाणू झाडाच्या शिरांतून फिरतो. पण कोंबाच्या अगदी टोकाला शिरा अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून ते टोक बहुतेक वेळा निरोगी असतं. आजारी झाडाचं फक्त तेवढं टोक कापून घेतलं, तर त्यातून निरोगी झाड उभं राहू शकतं. टोक म्हणजे किती? खसखशीच्या दाण्याहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून कापायचं. इतका लहान तुकडा बहुतेक वेळा मरतो. मरू द्यायचा, दुसरा घ्यायचा, तिसरा घ्यायचा. म्हातारा हे परगावी जाऊन व्यासपीठावरून शिकवायचा. "लोभ सोडा," असं सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

माझ्या वेळी तो स्वतः कापायला बसला. शेजारी कापणीच्या कामाला असलेली बाई होती. चिमटा धरताना तिचा हात कधी हलत नाही म्हणून सगळे तिला चिमटेवाली म्हणतात. तिने भिंगातून पाहिलं.

"सर, मोठा आलाय तुकडा. दोन पानंही आलीत सोबत."

"असू दे."

"शीरसुद्धा आली असेल त्यात. परत घेऊ या ना लहानसा?"

"लहान घेतला आणि मेला तर?"

"डोळे आहेत ना अजून."

"हिला मरू देऊन चालणार नाही," तो म्हणाला, आणि तांदळाच्या दाण्याएवढी मी जेलीवर जाऊन पडले. आईचा आजार माझ्यासोबत आला. मायेने कापलं, असं तो म्हणेल. मी म्हणते, भित्रेपणाने कापलं. मायेने कापलं असतं तर नीट कापलं असतं.

मी जगले. जगण्याचं काही कौतुक नाही, तिथे आयतं जेवण होतं. पांढरे दिवे, ठरावीक गारवा, गोड जेली. दुपारी बाहेर ऊन तापतं आणि वीज महाग असते, म्हणून आमच्या खोलीत रात्र दुपारी करतात. बाहेर माणसं जेवून ढेकर देत असतात आणि आत आमच्यावर अंधार पडतो.

मला कापलं की मी दोन व्हायचे, दोघींना कापलं की चार. यातली खरी कुठली असं विचारू नका. सगळ्या मीच. एका बाटलीत बुरशी शिरली आणि ती उचलून वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये टाकली की बाकीच्या बाटल्यांत मी गप्प व्हायचे. आपण मरताना आपणच शेल्फवरून पाहावं, हे माणसांच्या वाट्याला येत नाही. आलं असतं तर जरा शहाणी झाली असती.

म्हातारा रोज यायचा. माझी बाटली दिव्यासमोर धरायचा आणि मास्कच्या आतून म्हणायचा, "काय गं, बरी आहेस ना?"

मला आधी वाटलं, तो माझ्याशी बोलतोय. मग एकदा म्हणाला, "ते दवाखान्याचं मी तुला सांगायला हवं होतं गं. मला धीर झाला नाही." तेव्हा कळलं. त्याने बाटलीत बायको ठेवली होती. जी बाई मी कधी पाहिली नाही तिच्या जागी मला बसवलं होतं, आणि ती जिवंत असताना गिळलेलं सगळं तो आता माझ्या तोंडावर ओकत होता. मी कुठून देणार त्या बाईची उत्तरं? मला तर पानंही पुरती फुटलेली नव्हती.

आणि एक आत होती. दुपारी दिवे गेले की माझ्या पेशींत कुणीतरी उठून बसायचं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. ती माझी आई होती, म्हणजे तिचा ताप होता. गोड जेलीत, गारव्यात तो वर येत नव्हता. पानं हिरवीगार, देठ ताठ. पाहणारा म्हणेल, काय तजेला आहे. पण अंधारात मला तिचं ओझं कळायचं, दार लावून घेतलेल्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी तसं. बाहेरून एक मेलेली मला हाक मारत होती आणि आतून दुसरी मेलेली ओ देत होती. मी दोघींच्या मध्ये हिरवी.

या प्रयोगशाळेत एक नियम आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक झाडाचं पान चिरडून त्याचा रस तपासणीच्या पट्टीवर टाकतात. एक रेघ आली तर निरोगी. दोन आल्या तर त्या झाडाच्या सगळ्याच्या सगळ्या बाटल्या कुकरमध्ये. या नियमापायी म्हाताऱ्याने मोठमोठी गिऱ्हाइकं परत पाठवली होती. एकदा एक बागवाला हात जोडून उभा राहिला, "सर, वडिलांच्या हातचं झाड आहे हो." म्हातारा म्हणाला होता, "विषाणूला वडील नसतात." हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की आठवडाभर कँटीनमध्ये चाललं.

माझी पाळी आली तेव्हा चिमटेवालीने विचारलं, "सर, काजळीचं पान घेऊ का तपासायला?"

"तिचं नको. ती काय बाहेर जाणार आहे? घरची आहे ती."

तिथे मामा उभा होता. बायकोचा भाऊ, इथला व्यवस्थापक. म्हाताऱ्याच्या होला हो लावणं हे त्याचं पूर्ण वेळेचं काम. "बरोबर आहे," तो म्हणाला. "घरच्या माणसाला कुणी तिकीट विचारतं का?"

चिमटेवालीने मिठाची गुळणी धरली. तिला माहीत होतं, तिने स्वतः मोठा तुकडा पाहिला होता. पण सरांपुढे दोनदा बोलायचं नाही ही इथली रीत. एकदा बोलली की कर्तव्य संपलं. तिच्यावरही माझा राग आहे, थोडा.

म्हाताऱ्याला एक मुलगी. ती इथेच काम शिकली, मग भांडून निघून गेली. भांडण साधंच. बापाला वाटत होतं तिने प्रयोगशाळा सांभाळावी, तिला उघड्यावर फुलं लावायची होती. "बाटलीतली झाडं बघून बघून माझा जीव गुदमरतो," ती म्हणाली. "मग जा चिखलात," तो म्हणाला. ती गेली. गावाबाहेर ओढ्याकाठी तिने जमीन भाड्याने घेतली आणि डेलिया लावले. दर वर्षी कंद उकरायचे, चांगले निवडायचे, जपून ठेवायचे, पुन्हा लावायचे. अशी वर्षानुवर्षं निवडून तिने स्वतःची बाग उभी केली. फुलवाले तिच्याकडून फुलं उचलायचे. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात ती रोज यायची, पण बापाशी कामापुरतं बोलायची.

एक दिवस ती प्रयोगशाळेत आली. दारात चपला काढल्या, टोपी-मास्क चढवला आणि सरळ आमच्या खोलीत.

"बाबा, आईचं झाड जिवंत आहे असं मामा म्हणाला."

म्हाताऱ्याचे हात लगबगीने हलले. त्याने माझी बाटली तिच्या हातात दिली. तिने मला बराच वेळ पाहिलं. ती पहिली, जिने मला 'काय गं' म्हटलं नाही.

"मला हवीय. थोडी रोपं दे. बागेच्या मधल्या ओळीत लावते."

"बागेत कशाला? इथे सुरक्षित आहे ती."

"इथे फूल कधी येणार तिला? आईने काय बाटलीत बघायला लावलं होतं झाड?"

मामा मधे पडला, "द्या हो दाजी. पोर स्वतःहून आली आहे इतक्या दिवसांनी."

"तपासलंय ना?" तिने विचारलं. "माझी सगळी बाग एकमेकांना लागून आहे, बाबा. एक आजारी आली तर सगळी जातील."

खोलीच्या कोपऱ्यात चिमटेवालीचा चिमटा थांबला. मी पाहत होते. आता बोल म्हाताऱ्या, मी म्हणत होते, एकच शब्द बोल. नाही म्हण. ती थांबेल, तपासेल, रागावेल, पण बाग वाचेल. हवं तर मला जाळा, पण हिला खरं सांग.

म्हातारा म्हणाला, "आपल्याकडून न तपासता कधी काही बाहेर गेलंय का?"

वाक्य कसं बघा. एक शब्द खोटा नाही. अशी वाक्यं बनवायला आयुष्य घालवावं लागतं, पोरांना ती जमत नाहीत. मुलगी हसली. "बरं बाई, चुकलं माझं, विचारलं ते." आणि तो इतका खूश झाला की त्याने तिच्या गालाला हात लावला, स्पिरिटचा, ओलाच.

तो वाईट होता असं नाही. मुलगी दारात उभी होती आणि खरं बोललो तर ती परत जाईल, एवढंच त्याला दिसत होतं. त्या क्षणापुरती मुलगी मिळावी म्हणून त्याने तिची बाग दिली.

मी बाहेर पडले, म्हणजे माझ्यातल्या काही. मुळांवरची जेली कोमट पाण्याने धुतली, काथ्याच्या भुशात बसवलं, वर प्लास्टिकचा तंबू. रोज थोडा थोडा तंबू उघडायचा. बाटलीतल्या झाडाला वारा माहीत नसतो, एकदम उघडं केलं तर ते कोलमडतं. मग तिने मला ओढ्याकाठी नेलं आणि मधल्या ओळीत लावलं.

माती खडबडीत, थंड आणि अतिशय उद्धट असते. मला ती फार आवडली. दोन्ही बाजूंना तिचे डेलिया होते, पिवळे, पांढरे, विटकरी, कमरेएवढे वाढलेले. बाटलीत मी फक्त मलाच पाहिलं होतं. इथे पहिल्यांदा दुसरं कुणी होतं. मुलगी ओळीतून जाताना सगळ्यांना शिव्या देत जायची, "वाढा की, रांडेच्यांनो, नुसतं खाता." मलाही द्यायची. मला वाटलं, आता मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही. मी नुसती एक डेलिया.

मग ऊन वाढलं, आणि आत बसलेली उठली.

बाटलीत तिला कूस बदलण्याइतकीच जागा होती. इथे मी भराभर वाढत होते, आणि माझ्यासोबत ती वाढत होती. एका सकाळी माझ्या नव्या पानात शिरेच्या कडेने पिवळी रेघ उमटली. मी ते पान कधीच पाहिलं नव्हतं, पण मला ते पाठ होतं. अंगणातलं, खिडकीबाहेरचं तेच पान.

मावा आला. हिरवे बारीक किडे, पानाखाली बसून रस पितात आणि उडून शेजारच्यावर जातात. माझा रस प्यायले आणि पिवळ्या डेलियावर गेले. तिथून पांढऱ्यावर. मी ओरडू शकत नव्हते. नको जाऊ, मी आजारी आहे, असं किड्याला कसं सांगायचं? मला आयुष्यात पहिल्यांदा शेजारी मिळाले होते आणि मी त्यांना एकेक करून आजार लावत होते.

मुलीने फवारलं, खत दिलं, पाण्याची वेळ बदलली. मग बापाला बोलावलं. तो बागेत पहिल्यांदाच आला, पॉलिशचे बूट घालून. तिने माझं पान वर करून दाखवलं. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला पान दिसत नव्हतं, खिडकी दिसत होती.

"खत कमी पडलंय," तो म्हणाला.

मुलीने पान हातातून सोडलं. "आईला हेच सांगितलं होतंस तू. मी तिथे पाणी घेऊन उभी होते."

"तेव्हाही कमीच पडलं होतं."

"बाबा, तपासलं होतं का हिला?"

"अगं, नियम आहे आपल्याकडे..."

"नियम नको सांगू. हिला तपासलं होतं का?"

त्याने बुटाला लागलेला चिखल पाहिला. "घरची होती," तो म्हणाला.

तिने पान खुडलं, पिशवीत घातलं, प्रयोगशाळेत जाऊन चिमटेवालीपुढे ठेवलं. चिमटेवालीने ते चिरडलं, पट्टीवर टाकलं. दोन रेघा आल्या. आल्या म्हणजे काय, उड्या मारत आल्या.

"मला बोलायला हवं होतं," चिमटेवाली म्हणाली.

"हो, हवं होतंस," मुलगी म्हणाली आणि निघाली.

डेलियात शिरलेला विषाणू कंदात बसतो, पुढच्या वर्षी कंदासोबत पुन्हा उठतो. त्यामुळे नुसती पानं तोडून भागत नाही. तिने सगळी बाग उपटली. निवडलेले, वर्षानुवर्षं जपलेले कंद फावड्याने वर काढले आणि ओढ्याकाठी ढीग घातला. मामा मदतीला आला होता. "निम्मी तरी ठेव गं, काही चांगली दिसतायत," तो म्हणाला. "तुम्हा लोकांना सगळं चांगलंच दिसतं, मामा," ती म्हणाली.

मला तिने शेवटी उपटलं. मला कळ्या आल्या होत्या, वाटाण्याएवढ्या, घट्ट. तिने एक कळी तोडली, नखाने उभी चिरली आणि आत पाहिलं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, ओल्या, काळपट लाल. तिने ती उन्हात धरली, सावलीत धरली. मग ढिगावर टाकली आणि ढिगाला काडी लावली. ओली झाडं पटकन जळत नाहीत. आधी नुसता धूर होतो, मग आतलं पाणी सूं करत उकळतं. बाटलीत, शेल्फवर, मी ते सगळं ऐकलं.

त्या दिवशी ती शेवटची प्रयोगशाळेत आली. आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली, मास्क न लावता.

"उरलेल्या सगळ्या कुकरमध्ये घाल. एवढं एक कर."

"घालतो," म्हातारा म्हणाला.

त्याने घातल्या. चिमटेवालीच्या समोर एकेक बाटली उचलून दिली, अगदी नियमाप्रमाणे. फक्त एक बाटली त्याने आधीच मागच्या रांगेत सरकवून ठेवली होती. ती मी.

अजूनही तो येतो. पुढच्या बाटल्या बाजूला करतो, मला दिव्यासमोर धरतो, काय गं म्हणतो. आता तो मुलीबद्दलही मलाच सांगतो. जेली संपत आली की स्वतः कापून मला नव्या जेलीवर ठेवतो. मी मरत नाही. दुपारी दिवे जातात, आतली उठून बसते, आणि आम्ही दोघी दिवे यायची वाट पाहतो. तिला बाहेर जायचं आहे. मला तिला बाहेर जाऊ द्यायचं नाही. बाटलीचं बूच कधी सैल बसलं तर मी बुरशीला हाका मारते, ये बाई, लवकर ये. अजून ती आली नाही.

तुमच्यापैकी कुणी या खोलीत आलं, तर मागच्या रांगेत हात घाला. नाव लिहिलेलं नाही, पण सगळ्यांत हिरवी, सगळ्यांत तजेलदार दिसेल ती मीच. मला पाहून हळहळू नका आणि मातीत तर अजिबात लावू नका. सरळ कुकरमध्ये टाका, झाकण लावा आणि वाफ पूर्ण होऊ द्या. म्हाताऱ्याला विचारायला जाऊ नका.

मुलीने ओढ्याकाठची जमीन सोडली. ती दुसऱ्या गावी एका दुकानात कामाला आहे, फुलांच्या नाही. म्हाताऱ्याचा फोन ती उचलत नाही.